अर्ज मराठीत केला तर चालेल का?

सकाळी सहाच्या आत दूध संकलन केंद्रासमोर रांग लागते. किटल्या, कॅन, दोन-चार सायकली, एखादी मोटारसायकल. फॅट मशीनमध्ये नमुना घातला की फॅट आणि एसएनएफचे, म्हणजे फॅट सोडून दुधातल्या बाकीच्या घन पदार्थांचे, आकडे केबलमधून संगणकावर येतात आणि सभासदाच्या हातात पावती पडते. सांगली जिल्ह्यातल्या एका केंद्रावर मात्र मध्येच लाइट जायची, इन्व्हर्टर लागेपर्यंत क्षणभर सगळं अडखळायचं आणि आधीच्या सभासदाचं फॅट पुढच्याच्या नावावर चढायचं. गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून ठरतो. त्यात पॉइंटभर फरक पडला की पैशात फरक पडतो. दहा दिवसांचं बिल निघालं की केंद्रावर भांडणं ठरलेली. म्हशीचं दूध घालणाऱ्या माणसाला पावतीवर गाईचं फॅट दिसल्यावर तो गप्प कसा बसेल?

केंद्राचं सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या मुलीनं याचं मूळ शोधून काढलं. मशीनकडून आलेला आकडा आधी बफरमध्ये, म्हणजे संगणकाच्या तात्पुरत्या साठ्यात, साठतो. लाइट गेली की नवीन आकडा अर्धवट यायचा, प्रोग्राम तो टाकून द्यायचा आणि बफरमध्ये पडून राहिलेला जुना आकडा उचलायचा. तिनं तीन गोष्टी केल्या. प्रत्येक नमुन्याआधी बफर रिकामा करायचा, ओळ पूर्ण आली की नाही ते तपासायचं, आणि अर्धवट आली तर पावती छापायचीच नाही, पडद्यावर लाल अक्षरांत ‘नमुना पुन्हा घाला’ असं दाखवायचं. सगळा मिळून चाळीसेक ओळींचा बदल. भांडणं थांबली.

हीच मुलगी एका तंत्रज्ञान परिषदेत बोलण्यासाठी अर्ज करून बसली होती आणि त्या परिषदेच्या निवड समितीत मी होतो. तिच्या अर्जात वर सांगितलेलं काहीही नव्हतं. इंग्रजीत दोन ओळी होत्या. पायथनमध्ये दूध संकलनाचं सॉफ्टवेअर केलं आहे, त्या प्रोजेक्टची माहिती देईन, एवढंच. ‘श्रोत्यांना काय मिळेल’ या रकान्यात ‘माझ्या प्रोजेक्टची माहिती’ असं पुन्हा लिहिलेलं. समितीतल्या बाकीच्यांसारखे मीही पाचपैकी दोन गुण दिले आणि पुढचा अर्ज उघडला. काही महिन्यांनी एका कॉलेजातल्या कार्यशाळेत ती भेटली. चहाच्या टपरीवर उभ्या उभ्या तिनं मला ही सगळी हकीकत मराठीत सांगितली. सांगताना हातानं केबल कुठून कुठं जाते ते दाखवत होती. पंधरा मिनिटं मी तोंडातून शब्द काढला नाही. मग ती सहज म्हणाली, “दादा, मी तुमच्याकडं अर्ज केला होता की. झाला नाही.”

त्या दिवसापासून एक गोष्ट माझ्या मनात पक्की आहे. महाराष्ट्रात होणाऱ्या, स्वतःला लोकांची म्हणवणाऱ्या प्रत्येक तंत्रज्ञान परिषदेनं भाषणासाठीचे अर्ज मराठीत घेतले पाहिजेत, आणि ज्याला मराठीत बोलायचं आहे त्याला मराठीत बोलू दिलं पाहिजे.

या परिषदांचा कारभार कसा चालतो ते माहीत नसणाऱ्यांसाठी थोडं सांगतो. कंपन्यांच्या परिषदांत वक्ते बोलावलेले असतात आणि व्यासपीठ बहुधा प्रायोजकाच्या मालकीचं असतं. समुदायाच्या परिषदा वेगळ्या. पायथन या प्रोग्रामिंग भाषेची पायकॉन इंडिया २००९ साली बंगळुरूत सुरू झाली ती स्वयंसेवकांच्या बळावर. पुण्यात सिम्बायोसिसच्या संगणक संस्थेत विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षं मुक्त सॉफ्टवेअरची जीएनयुनिफाय परिषद भरवली. २०११ मध्ये पुण्याच्या सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजात फेडोरा या मुक्त संगणकप्रणालीवाल्यांची फडकॉन झाली. वेबसाइट बनवायच्या वर्डप्रेस या सॉफ्टवेअरचे वर्डकॅम्प गावोगावी होतात. इथे वक्त्याला मानधन नसतं. अमेरिकेतल्या पायकॉनमध्ये तर वक्ते आणि आयोजकसुद्धा स्वतःचं तिकीट काढतात आणि ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी वेगळा मदतनिधी ठेवलेला असतो. परिषदेच्या काही महिने आधी आयोजक आवाहन करतात, ज्याला सगळे सीएफपी (कॉल फॉर प्रपोजल्स) म्हणतात, आणि कोणीही अर्ज करू शकतो. विद्यार्थी, शिक्षक, बँकेत नोकरी करणारा, दूध केंद्रावर काम करणारी, कोणीही. पैसा नाही, पद नाही. समुदायाकडे द्यायला असते ती ही अर्ध्या तासाची जागा, आणि ती कोणाला मिळणार हे एका फॉर्मवर ठरतं.

म्हणून त्या फॉर्मकडे मी फार गांभीर्यानं बघतो. त्यात शीर्षक असतं, सारांश असतो, भाषणाची रूपरेषा मिनिटांसकट मागितलेली असते, विषय नवख्यांसाठी आहे की जाणत्यांसाठी ते विचारलेलं असतं, स्वतःची ओळख असते. पुष्कळ ठिकाणी आधीच्या भाषणाच्या व्हिडिओची लिंकही मागतात. ज्यानं कधी भाषण दिलेलं नाही त्यानं ती कुठून आणायची? आणि हे सगळं इंग्रजीत, तेही एका विशिष्ट इंग्रजीत. ‘या सत्रानंतर तुम्ही अमुक करू शकाल’ असं छातीठोक लिहिण्याची ती भाषा मोठ्या शहरातल्या, मोठ्या कंपनीत चार वर्षं काढलेल्या माणसाला सवयीची असते. इस्लामपूरच्या किंवा परभणीच्या मुलाला हे कोणी शिकवलेलं नसतं. त्याचं इंग्रजी वाचण्यापुरतं उत्तम असतं. डॉक्युमेंटेशन तो रोज वाचतो, एरर मेसेज त्याला पाठ असतात. पण स्वतःच्या कामाची बाजू इंग्रजीत मांडायची वेळ आली की त्याची लेखणी दोन ओळींत आटते.

फॉर्म बदलला की माणसं बदलतात याचे पुरावे आहेत. युरोपातल्या जेएसकॉन या जावास्क्रिप्ट प्रोग्रामिंगच्या परिषदेच्या आयोजकांनी २०१२ साली अर्जांवरची नावं झाकून निवड केली, शिवाय स्त्रियांपर्यंत आपणहून पोचून त्यांना अर्ज करायला सांगितलं. त्या वर्षी त्यांच्या वक्त्यांत सुमारे पाव हिस्सा स्त्रिया होत्या. अमेरिकेतल्या पायकॉनची गोष्ट तर याहून मोठी. २०११ मध्ये तिथल्या भाषणांपैकी जेमतेम १ टक्का स्त्रियांची होती, २०१६ मध्ये ४० टक्के. जेसिका मॅकेलर या तेव्हा तिथल्या विविधतेच्या कामाच्या प्रमुख होत्या आणि हे आकडे त्यांनीच जाहीर केले होते. पाच वर्षांत स्त्रियांना काही अचानक प्रोग्रामिंग येऊ लागलं नव्हतं. एकेकीला गाठून ‘तू अर्ज कर’ म्हणणारी आणि अर्ज लिहायला मदत करणारी माणसं उभी राहिली, म्हणून तो आकडा वर गेला.

नावं झाकण्याच्या पद्धतीबद्दल इथे एक सांगावंसं वाटतं, कारण आपल्याकडे तिची शिफारस हल्ली सरसकट होते. नाव, कंपनी, कॉलेज झाकलं की ओळखीपाळखीचा प्रभाव जातो हे खरं, आणि पहिली फेरी तशीच व्हावी असं मलाही वाटतं. पण सगळं झाकल्यावर परीक्षकासमोर उरतं काय? फक्त गद्य. मग सगळा भार त्या गद्याच्या भाषेवर पडतो. त्या मुलीचा अर्ज आमच्याकडे नाव झाकूनच आला होता. तिचं नाव, गाव, केंद्र दिसलं असतं तर कदाचित समितीतला कोणी सांगलीकर थबकला असता आणि त्यानं फोन केला असता. आम्ही निःपक्षपाती होतो आणि तरीही आमच्या हातून अन्याय झाला. अर्जदाराला स्वतःच्या भाषेत लिहायची मुभा नसेल तर नाव झाकून काम अर्धंच होतं.

इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेत तंत्रज्ञानाची परिषद होऊ शकते का, असा प्रश्न मला अजूनही विचारला जातो. जपानची पायकॉन जपानीत बोलते, ब्राझीलची पोर्तुगीजमध्ये, स्पेनची स्पॅनिशमध्ये. तमिळनाडूत कांचीपुरमचा लिनक्स या मुक्त संगणकप्रणालीचा गट तमिळमध्ये बैठका घेतो. सगळ्यात बोलकं उदाहरण अमेरिकेचंच आहे. २०१८ पासून अमेरिकेतल्या पायकॉनमध्ये ‘चार्लास’ नावाचं स्पॅनिश भाषणांचं स्वतंत्र दालन असतं. जिथे सगळा व्यवहार इंग्रजीत चालतो त्या देशातल्या आयोजकांना स्पॅनिश बोलणाऱ्यांसाठी एक सभागृह राखावंसं वाटलं. मग पुण्यात, नाशकात, कोल्हापुरात मराठीसाठी एक खोली राखायला काय हरकत आहे?

शिवाय आपल्याला हे नवीन नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. ज्याला जे ठाऊक आहे त्यानं ते चारचौघांत उभं राहून सांगावं आणि लोकांनी ऐकावं, ही आपली जुनी रीत आहे. मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून विज्ञान मराठीत सांगते आहे. जयंत नारळीकर केंब्रिजमध्ये शिकले, जगभर इंग्रजीत बोलले, आणि मराठी श्रोत्यांसमोर विश्वरचनेबद्दल मराठीत बोलले. त्यांच्या मराठीमुळे खगोलशास्त्र कुठे पातळ झालं नाही. फायरफॉक्स मराठीत मिळतो, लिबरऑफिस मराठीत आहे, वर्डप्रेसची सगळी मांडणी मराठीत करता येते. हे भाषांतर पगाराशिवाय रात्री जागून करणारी माणसं याच समुदायातली. त्यांनी घडवलेल्या मराठी सॉफ्टवेअरबद्दल बोलायचं झालं तर मात्र त्यांना इंग्रजी व्यासपीठ गाठावं लागतं. मला हे बोचतं.

आता हरकतींकडे येतो. त्यातल्या काही खऱ्या आहेत.

पहिली हरकत परिभाषेची. ‘बफरला मराठीत काय म्हणाल?’ बफरच म्हणू. आपण ऑफिसात दिवसभर काय बोलतो? “डेटाबेसला लोड येतोय, इंडेक्स टाकून बघ.” “सर्व्हर परत पडला का रे?” हे मराठीच आहे. क्रियापद मराठी, विभक्ती मराठी, विचार मराठी, नामं जिथून आली तिथली. पारिभाषिक कोश हातात घेऊन कोणी बोलावं असं मी मुळीच म्हणत नाही. तसा हट्ट धरला तर ती मुलगी इंग्रजीलाही घाबरेल आणि मराठीलाही. पडद्यावरचा कोड आणि स्लाइड इंग्रजीत, तोंडची भाषा मराठीत, हे आपल्या प्रत्येक इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रॅक्टिकलमध्ये आजवर चालत आलेलं आहे.

दुसरी हरकत जास्त गंभीर आहे आणि ती माझ्या जवळच्या मित्रानंच घेतली. तो मूळचा केरळचा, पंधरा वर्षं पुण्यात आहे, आयोजनात रात्रंदिवस राबतो. तो म्हणाला, “मराठी सत्रं सुरू झाली की मी माझ्याच परिषदेत परका होणार का?” हिंजवडी-खराडीतल्या श्रोत्यांत मराठी न कळणारे निम्मे तरी असतील. त्यांनी हा समुदाय आपल्या बरोबरीनं उभा केला आहे. त्यांना बाहेर ढकलणारी कोणतीही योजना मला मान्य नाही. पण परिषदेत एका वेळी दोन-तीन दालनांत भाषणं चालू असतातच आणि प्रत्येक जण विषय बघून दालन निवडतो. त्यातलं एक दालन, निदान एक दुपार, मराठीचं ठेवलं तर कोणाचं काही हिरावलं जात नाही. भाषणाच्या व्हिडिओला इंग्रजी उपशीर्षकं देता येतात. आणि त्याच न्यायानं नागपुरात कोणाला हिंदीत बोलायचं असेल, पणजीत कोंकणीत बोलायचं असेल, तर त्यालाही दार उघडं असावं. माझी मागणी बोलणाऱ्याच्या सोयीची आहे, भाषेच्या झेंड्याची नाही. मित्राला मी हे सांगितलं. त्याचं समाधान पूर्ण झालं असं म्हणता येणार नाही, पण अर्ज मराठीत घ्यायला त्याची हरकत उरली नाही.

तिसरी गोष्ट हरकत म्हणून कोणी मांडली नाही, तरी मला तिची सगळ्यात जास्त भीती वाटते. मराठी दालन म्हणजे कच्च्या भाषणांची अडगळ होऊ शकते. इंग्रजीत जमलं नाही ना, मग टाका मराठीत, जेवणानंतरची वेळ, कोपऱ्यातली खोली, माइक नसला तरी चालेल. असं होणार असेल तर ते न केलेलं बरं. निवडीची फूटपट्टी दोन्ही भाषांना एकच हवी. मराठी अर्जालाही ‘हे कशासाठी, यात नवीन काय, चूक कुठे झाली, आकडे काय सांगतात’ हे तितक्याच कडकपणे विचारलं जावं. मराठी भाषण मोठ्या सभागृहात, भरल्या वेळेत व्हावं. त्यासाठी समितीत मराठी नीट वाचणारी तीन-चार माणसं लागतील. पुण्या-मुंबईच्या समितीत ती आत्ताही असतात. फक्त त्यांना कोणी त्या कामाला लावलेलं नसतं.

उरते ती नोकरीची काळजी. मराठीत बोललेल्याला कंपन्या विचारणार नाहीत, असं पालकही म्हणतात आणि प्राध्यापकही. इंग्रजीचं महत्त्व मी नाकारत नाही, माझं स्वतःचं पोट त्यावर चालतं. पण माझा अनुभव असा की ज्याला आपलं काम एकदा आपल्या भाषेत अर्धा तास उभं राहून मांडता आलं, त्याला पुढे ते इंग्रजीत मांडणं सोपं जातं, कारण काय सांगायचं ते तोवर डोक्यात लखलखीत झालेलं असतं. अवघड भाग तो असतो. भाषांतर त्याच्यामागून येतं.

फॉर्म मराठीत करणं एवढंच करून भागणार नाही हेही मला कळतं. नकाराचं पत्र सुधारायला हवं. माझा पहिला अर्ज नाकारला गेला तेव्हा मला दोन ओळी आल्या होत्या. अर्ज खूप आले, आपला निवडता आला नाही, खेद आहे. का निवडला नाही याचा एक शब्द नव्हता. मी तीन वर्षं पुन्हा अर्ज केला नाही. ‘विषय चांगला आहे, पण तुम्ही प्रत्यक्ष काय केलं ते अर्जात दिसत नाही’ एवढं एक वाक्य त्यात असतं तर मी पुढच्याच वर्षी केला असता. स्वयंसेवकांना प्रत्येकाला लिहायला वेळ नसतो हे मी आता आतून बघितलं आहे. तरी पहिल्यांदा अर्ज करणाऱ्यांना तरी एक ओळ लिहावीच. पायकॉन इंडियाच्या आयोजकांनी एक फार चांगली गोष्ट केली होती. त्यांनी ‘जंक्शन’ नावाची स्वतःची प्रणाली बनवली आणि आलेले प्रस्ताव सर्वांना वाचायला खुले ठेवले. कोणीही वाचावं, मत द्यावं, सुचवावं. नवख्या माणसाला दुसऱ्याचा निवडला गेलेला अर्ज वाचायला मिळणं यासारखं दुसरं शिक्षण नाही. असे मराठीतले अर्ज खुले झाले तर दोन वर्षांत इथल्या मुलांसमोर नमुन्यांचा साठा तयार होईल.

आणि अर्ज करणाऱ्यांनाही माझं सांगणं आहे. ‘माझ्या प्रोजेक्टची माहिती’ हे कोणालाच ऐकायचं नसतं. काय बिघडलं होतं, कोणाचं नुकसान होत होतं, तुम्ही आधी काय करून बघितलं आणि ते का फसलं, हे लिहा. फसलेलं आवर्जून लिहा. आपण मोठे तज्ज्ञ झालो की मग बोलू, असं म्हणत थांबू नका. दूध केंद्रावरच्या लाइट जाण्याबद्दल तुमच्याइतकं कोणत्याच तज्ज्ञाला माहीत नाही.

त्या मुलीचा अर्ज पुढच्या वर्षी आम्ही दोघांनी मिळून लिहिला. रविवारी दुपारी फोनवर ती मराठीत सांगत गेली, मी मराठीतच टिपत गेलो आणि मग दोघांनी बसून त्याचं इंग्रजी केलं. शीर्षक ठरलं ते साधारण ‘चुकीच्या माणसाच्या पावतीवर छापलेलं फॅट’ अशा अर्थाचं. दुसऱ्या एका परिषदेत निवड झाली. भाषण तिनं इंग्रजीत सुरू केलं, कारण नियम तसा होता. पहिली दहा मिनिटं कागदावरून नजर उठली नाही. पुढे मागच्या रांगेतून एकानं मराठीत प्रश्न विचारला, वजनकाट्याची केबलही असाच त्रास देते का म्हणून. तिनं कागद टेबलावर ठेवला आणि उत्तर द्यायला लागली. सूत्रसंचालकानं वेळ संपल्याची पाटी दाखवली तरी लोक उठेनात. जेवणाच्या रांगेतही ताटं हातात धरून चार-पाच जण तिच्याभोवती उभे होते. त्यात एक जण वीजमंडळाच्या मीटरवर काम करणारा होता आणि त्याचाही प्रश्न बफरचाच होता.

गेल्या आठवड्यात तिनं एका मुलाला माझा नंबर दिला. तो जतकडचा. डाळिंबाच्या बागेत ठिबकच्या व्हॉल्व्हसाठी त्यानं काहीतरी बनवलंय आणि दोनदा बाग बुडवून तिसऱ्यांदा जमवलंय. अर्जाची मुदत संपायला बारा दिवस आहेत. त्यानं पहिलाच प्रश्न विचारला, “सर, फॉर्म मराठीत भरला तर चालेल का?” फॉर्मवर वरच लिहिलं आहे की प्रस्ताव इंग्रजीतच हवा. मी त्याला म्हटलं, तू मराठीत भर, आयोजकांशी मी बोलतो.